पेमाचा उजवा डोळा

कोराडी, ६ ऑक्टोबर २०२५

यांगचेन,

मायन्यात काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे. प्रीतमच्या फोनवरून बोलणं मला जमणार नाही. नवरा-बायकोच्या मध्ये सासूचा आवाज नको. पोस्ट अजून चालू आहे, तेव्हा पत्र.

तू पेमाला घेऊन गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत माहेरी गेलीस त्याला दोन आठवडे होत आले. त्या दिवशी तू जे बोललीस त्याला उत्तर द्यायला तू मला वेळ दिला नाहीस. ऑफिसातून दुपारीच आलीस. दार उघडं होतं, पेमा माझ्यापुढे चटईवर बसली होती आणि तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तू ती ओढून काढलीस. चिकटपट्टीबरोबर भुवईचे केस निघाले, ती रडली, आणि ते रडणंही माझ्याच नावावर लागलं. जिन्यात उभी राहून तू ओरडलीस, “बाहेरचे लोक माह्या डोळ्याले हासतात, आई. तुमी तं इलाज करून राहिल्या!” खालच्या रंभाबाईंनी दार उघडून सगळं ऐकलं.

मी इलाजच करत होते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पेमाचा डावा डोळा नाकाकडे वळतो. ती बाजूला पाहते तेव्हा त्या डोळ्याचं नाकाकडचं पांढरं पार नाहीसं होतं. तुला ते दिसत नाही, कारण आईला आपल्या मुलाचं व्यंग दिसत नसतं. मला दिसतं. मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि दर जूनमध्ये नव्या मुलींना रांगेत उभं करून त्यांचे डोळे, दात, नखं तपासली. माझी रीत साधी होती. मुलीला सरळ समोर बघायला लावायचं आणि बुबुळाच्या दोन्ही बाजूंचं पांढरं पाहायचं. नाकाकडचं कमी दिसलं की डोळा आत वळतो आहे असं समजायचं आणि पालकांना बोलवायचं. पालक आधी भांडायचे. पुढे त्याच मुलीच्या लग्नात मला पहिल्या रांगेत बसवायचे.

माझा धाकटा भाऊ देवराव तू पाहिलेला नाहीस. त्याचा डोळा असाच होता. आमच्या आईला वाटायचं, पोरगा लाडाने बघतो. डॉक्टरकडे नेईपर्यंत तो दहा वर्षांचा झाला होता. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याचं पाहायला शिकायचं वय गेलं. रेल्वेच्या मेडिकलमध्ये तो नापास झाला आणि जन्मभर इतवारीत दुसऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात उभा राहिला. त्याच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांतही कोणीतरी त्याला ‘ढेऱ्या’, म्हणजे तिरळ्या, म्हटलेलं मी ऐकलं आहे.

चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला काम पडतं. हा माझा शोध नाही. जुलैतल्या आखाडीपासून मी रोज तू बसमध्ये बसलीस की पट्टी लावत होते आणि तुझी परतीची बस यायच्या आत काढत होते. प्रीतमला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू वाद घातला असतास. जूनमध्ये मी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, “आमच्याकडं साऱ्या लेकराईचं असंच राहते, आई. नाक वर आलं का जाते ते.” शास्त्र असं घरोघरी बदलत नाही.

तेव्हा आता राग बाजूला ठेवून वाच. पट्टी थांबवू नकोस. उजव्याच डोळ्यावर लाव, आतून स्वच्छ कापूस ठेव, आणि ती जागी असतानाच लाव. थांबवलीस तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल.

इथे सगळं ठीक आहे. पॉवर स्टेशनची गॅलरीत उडून येणारी राख मी रोज दोनदा पुसते. ती पेमाच्या गुडघ्यांना लागायची म्हणून पुसत असे. आता का पुसते ते विचारू नकोस.

पुष्पलता


कोराडी, १९ ऑक्टोबर

यांगचेन,

प्रीतमने मला तुझा निरोप दाखवला. “आईले सांग, लिहू नोका.” एवढाच. मी लिहिते आहे, कारण तू अजून माझं बोलणं खोडून काढलेलं नाहीस. नुसतं थांबवलं आहेस.

प्रीतम म्हणाला, “तिनं नाई म्हटलं ना? मंग तू काहून लिहून राहिली?”

मी म्हटलं, “तू तरी तिला सांग ना. पट्टी लावताना तू दारात उभा असायचास.”

“म्हणूनच मले तोंड नाई,” तो म्हणाला आणि पॉवर स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये जेवायला निघून गेला. हल्ली तो तिथेच जेवतो. मी दोघांचा स्वयंपाक करते आणि उरलेलं सकाळी खाते.

रंभाबाईंनी परवा नळावर गाठलं. “काय वं पुष्पाबाई, चिनी सून पळाली म्हणतेत?”

मी म्हटलं, “रंभाबाई, ती गोंदिया जिल्ह्यात जन्मली. तुमचं माहेर छिंदवाड्याचं. तुमच्यापेक्षा महाराष्ट्राची तीच जास्त.”

“अवं, मी तं गंमत करून राहिली!”

“मग आपल्या तोंडाची करा.”

हे तुला खूश करायला लिहीत नाही. बसस्टॉपवर पोरं तुला ‘मोमो’ म्हणाली होती तेव्हा मी त्यांना शाळेचं नाव विचारून पळवलं होतं, ते तुला आठवत असेल. तुझ्या डोळ्यांना बाहेरचं कोणी नाव ठेवलेलं मी कधी खपवून घेतलं नाही. तुझं ते जिन्यातलं वाक्य म्हणूनच मला लागलं. आणि लागलं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहते आहे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर एकटीच गेले. मागच्या वर्षी आपण चौघं होतो. पेमा पाच महिन्यांची होती आणि प्रीतमच्या खांद्यावर झोपली होती. बाहेरच्या कुठल्या तरी देशातून आलेल्या भिक्खुणींचा जथा होता. त्यातली एक थांबली, पेमा जागी झाली, तिने पेमाच्या डोळ्याकडे बघून स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं आणि खळखळून हसली. जणू दूरच्या गावात नात्यातलं माणूस भेटलं. तूही हसलीस. मला ते आवडलं नव्हतं. का आवडलं नाही, याचा विचार या वर्षी मी गर्दीत उभी राहून केला. उत्तर चांगलं निघालं नाही. ते लिहीत नाही.

घरी येऊन माझं कॉलेजचं पुस्तक काढलं. तुझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तुला त्यातलं एक पान दाखवलं होतं. वरच्या पापणीची कातडी नाकाजवळ खाली उतरून घडी घालते, तिचं चित्र. घडीला नाव एका वंशाचं दिलं होतं. त्याच पानावर खाली एक आजार होता, मंदबुद्धी मुलांचा, आणि त्यालाही नाव त्याच वंशाचं. मी ते कौतुकाने दाखवलं होतं, की बघ, तू आमच्या पुस्तकात आहेस. तू पुस्तक मिटलंस आणि मेथी निवडायला बसलीस. मला वाटलं, हिला वाचनाची आवड नाही.

ते पुस्तक मी १९७६ साली घेतलं. त्यानंतर त्या विषयावर दुसरं घेतलं नाही.

असो. वाद असा सुटणार नाही. माझ्या मोतीबिंदूसाठी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे. पेमाचा फोटो दाखवून त्यांचं मत लेखी घेऊन पाठवीन. मग तरी मानशील.

पुष्पलता


कोराडी, ११ नोव्हेंबर

यांगचेन,

पेमाच्या डोळ्यावर पट्टी लावत असशील तर आत्ता काढ. हे वाचायचं थांबव आणि काढून ये.

पहिल्या पत्रात मी जे लिहिलं होतं ते चूक आहे.

परवा दवाखान्यात गेले होते. डॉक्टर अश्लेषा म्हणून तरुण बाई आहेत. माझा डोळा पाहून झाल्यावर मी पेमाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढला, तू केकवर वाकलेली आहेस आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे तो. म्हटलं, “या मुलीचा डावा डोळा तिरळा आहे, असं मला लिहून द्या.” त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

“काकू, हे बघा. बाहुलीत फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे ना? दोन्ही डोळ्यांत तो मधोमध आहे. डोळा वळला असता तर एका बाजूचा ठिपका सरकलेला दिसला असता.”

मी म्हटलं, “पण नाकाकडचं पांढरं दिसत नाही.”

“ते आहे, झाकलेलं आहे. पापणीची घडी त्याच्यावर आली आहे.” त्यांनी हसून विचारलं, “आई कुठली? तिबेटी? मग तर स्वाभाविकच आहे. आपल्याकडच्याही कितीतरी बाळांना लहानपणी असते ही घडी. नाकाचं हाड वर आलं की कातडी ओढली जाते आणि तिरळेपणाचा भास जातो. कोणाची घडी राहते, कोणाची जाते. राहिली तरी तो डोळ्याचा एक आकार आहे, रोग नाही.”

तू जूनमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून हेच सांगितलं होतंस.

मग त्यांनी सहज विचारलं, “घाबरून पट्टी-बिट्टी नाही ना लावली कोणी?”

मी म्हटलं, “नाही.”

इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. रिक्षात बसून घरी आले. शाळेत मी खोटं बोलणाऱ्या मुलीला ओळखायचे, ती फार चटकन उत्तर देते.

दुसऱ्या दिवशी नंबर न लावता गेले आणि खरं सांगितलं. आखाडीपासून सप्टेंबर संपत येईपर्यंत, रोज, तू घराबाहेर असतेस तेवढा वेळ, जेवण आणि झोप सोडून. त्यांनी लिहिणं थांबवलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “या वयात मेंदू दोन्ही डोळ्यांकडून पाहायला शिकत असतो. चांगला डोळा रोज झाकून ठेवला की त्याचं शिकणं मागे पडू शकतं. काही झालं नसेलही. पण तपासावं लागेल, आणि लवकर. लहान वयात बिघडलेलं लहान वयातच सुधारतं.”

देवरावच्या डोळ्याचं जे आपोआप झालं, ते पेमाच्या चांगल्या डोळ्याचं मी हाताने केलं असेन.

तिला घेऊन ये. नागपूरला नको असेल तर गोंदियाला ने, कुठेही ने. माझ्याकडे येऊ नकोस, पण डॉक्टरकडे जा. जाताना हे पत्र ने. किती दिवस आणि किती वेळ, ते त्यांना लागेल.

पुष्पलता


कोराडी, १६ नोव्हेंबर

यांगचेन,

तुझं उत्तर आलं नाही. प्रीतमने फोन केले ते तू घेतले नाहीस, आणि त्याने मेसेज पाठवला तर त्यात “आईबद्दल महत्त्वाचं आहे” असं लिहिलं. मी म्हटलं, गाढवा, पेमाबद्दल असं लिही. तोवर तू त्यालाही बंद केलं होतंस. तो रजा टाकून गोठणगावला निघाला होता. मी म्हटलं, थांब, त्याआधी मी बघते.

थंडी पडली, म्हणजे तुझी आई स्वेटर विकायला नागपुरात असणार. काल स्वेटरवाल्यांच्या रांगेत गेले. चार दुकानं विचारत विचारत त्यांचं सापडलं. त्या एका माणसाला जर्किन दाखवत होत्या. मला त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तो माणूस गेला तेव्हा म्हणाल्या, “साइज सांगा, बाई.”

“मी पेमाची आजी.”

“आजी तं मी बी आहो.”

लग्नानंतर मी त्यांच्याशी दोनदा बोलले असेन, दोन्ही वेळा त्यांनी फोन केला म्हणून. मी विचारलं, यांगचेनला माझं पत्र मिळालं का?

“पयलं वाचलं तिनं. मंग नाई उघडलं एकबी. टीव्हीवर पडून आहेत.”

म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं. आणि पहिल्या पत्रात मी पट्टी चालू ठेव म्हणून लिहिलं होतं. मी विचारलं, “पट्टी लावते का ती अजून?”

“तुमचं पत्र वाचून फाडलं तिनं. पट्टी कायची लावते!”

बसायला काही नव्हतं आणि त्यांनी दिलंही नाही. मग मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. दोन बायका टोप्या बघत होत्या, त्या हात थांबवून ऐकत राहिल्या. मी आवाज खाली केला नाही. खाली केला असता तर निम्मं सांगून निघाले असते. तुझी आई स्वेटरच्या घड्या घालत होत्या. मी चूक सांगितली, त्या घालत राहिल्या. मी डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं, त्या घालत राहिल्या. उजव्या डोळ्याला आता कमी दिसत असेल म्हटलं तेव्हा हात थांबले.

“तुमी मास्तरीण होत्या ना?”

“हो.”

“मंग काहून इचारलं नाई कोनाले?”

टोपीवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, “जाऊ द्या ना वं माय, म्हातारी मान्सं असंच करतेत.” तुझ्या आईने तिच्या हातातली टोपी काढून घेतली आणि जागेवर ठेवली. “नाई इकाची तुमाले. जा.”

मग त्यांनी फोन लावला. तुमच्या भाषेत बोलल्या, मला काही कळलं नाही. मधेच ‘पेमा’ आणि मधेच ‘डॉक्टर’ एवढं कळलं. तुझा आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. त्या फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे तुझ्यासारखे आहेत, पेमासारखेही. तीन वर्षांत मी ते नीट पाहिले नव्हते.

फोन ठेवून म्हणाल्या, “येते म्हणते. तुमच्यासाठी नाई. लेकरासाठी.”

मी म्हटलं, “तेच बरोबर आहे.”

त्या तुला हे सांगतीलच. माझी बाजू मांडायला लिहिलेलं नाही. माझी बाजू आता नाही.

पुष्पलता


कोराडी, ३० नोव्हेंबर

यांगचेन,

दवाखान्यात आपण दोघी शेजारी बसलो होतो, पण बोलणं एकाच वाक्याचं झालं. ते वाक्य तुझं होतं, “किती वेळ, आई? खरं सांगा.” मी सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होत्या आणि तू भिंतीकडे बघत होतीस.

तपासणी तू पाहिलीस, तरी लिहिते, कारण माझ्या डोळ्यांपुढून ती जात नाही. पेमाच्या हातात डॉक्टरांनी रंगीत बाहुलं दिलं. तिचा उजवा डोळा झाकला, ती खेळत राहिली. डावा झाकला, तिने डॉक्टरांचा हात ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. उजव्याने पाहणं तिला नको होतं. मला वाचता येतील अशी अक्षरं नव्हती, यंत्र नव्हतं, आकडा नव्हता. एक दीड वर्षाचं मूल हात ढकलत होतं आणि ते मला एकतीस वर्षांच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा स्पष्ट कळलं.

डॉक्टर म्हणाल्या, लवकर कळलं, सुधारेल. मी ते वाक्य धरून बसले आहे. तूही धर. आता डावा डोळा रोज दोन तास झाकायचा, काही महिने, आणि मधून मधून दाखवायला यायचं.

पण लिहायचं वेगळंच आहे.

तू, प्रीतम आणि पेमा आधी पोचला होतात. मी मागून आले. पेमा तुझ्या गुडघ्याशी उभी होती. तिने मला पाहिलं, ओळखलं, हसली नाही आणि रडलीही नाही. आपला उजवा हात उचलून तिने उजव्या डोळ्यावर ठेवला आणि तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. कोणी सांगितलं नव्हतं. मी समोर आले की हे करायचं असतं, एवढंच तिला माझ्याबद्दल माहीत आहे.

तू ते पाहिलंस. मग तू माझ्याकडे पाहिलंस. तू तिला उचललंस आणि तिचा हात खाली घेतलास, आणि ती तो पुन्हा वर नेत राहिली.

क्षमा मागणारं पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही. मुलींकडून शंभर-शंभर वेळा लिहून घेतलं, पण ते कधी वाचलं नाही, नुसत्या ओळी मोजल्या. त्यामुळे त्यात काय लिहितात ते मला येत नाही. मी तुझ्या मुलीला तपासलं तेव्हा माझ्यापुढे माझ्या गावच्या मुलींचा चेहरा होता. तो प्रमाण धरला आणि तिचा त्याला जुळला नाही म्हणून तिच्यात दोष काढला. तू सांगत होतीस तेव्हा मला वाटलं, हिची माया बोलते आहे. तू तुझ्या घरातले चेहरे ओळखत होतीस, आणि मला ते ओळखायचेच नव्हते. भिक्खुणी हसली ते मला का आवडलं नाही, हे मागे लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, नात माझ्यावर गेली असती तर.

लिहिलं. आता वाच किंवा टीव्हीवर ठेव.

पुष्पलता


कोराडी, १८ जानेवारी २०२६

यांगचेन,

परवा फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं प्रीतमने काही दाबलं असेल. तू बोललीस, आणि मी ‘उद्या सांगते’ म्हणून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारी भाव खाते. तसं नव्हतं. पत्रातच सांगता येईल असं होतं.

तू म्हणालीस, “पट्टी ठेवतच नाई ती, आई. लावली का काढते. झोपेत लावली तं जागी होऊन काढते. मी थकली, माही माय थकली. तुमच्यापाशी बसे ना? तुमी या. डोळा बरा होयेपर्यंत राहा.”

तू मला ‘या’ म्हणालीस. सप्टेंबरपासून मी दुसरं काही मागितलेलं नाही. फोन ठेवला आणि माळ्यावरून बॅग काढली. दोन लुगडी भरलीसुद्धा. मग खाटेवर बसले आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला दिलं. तुमच्यापाशी कशी बसे?

ऐक. पहिल्या आठवड्यात ती तुझ्याकडे काढते तशीच माझ्याकडेही काढायची. मग मी तिचे दोन्ही हात तिच्या अंगाशी धरून माझ्या पदराने गुंडाळायचे आणि तिला मांडीत दाबून बसायचे. ती रडायची. मी पाढे म्हणायचे, तिला ऐकू यावेत म्हणून नाही, मला तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. काही दिवसांनी ती रडायची थांबली. पुढे पदर दाखवला की स्वतःच हात खाली घेऊन बसायची. मी प्रीतमला म्हटलं, बघ, सवय झाली. शहाणी आहे.

ती शहाणी नव्हती. तिने सोडून दिलं होतं.

मी आले तर ती माझ्यापुढे पुन्हा तशीच बसेल. पट्टी लागेल, डोळाही सुधारेल, आणि ज्या घरात ती निर्धास्त झाली आहे त्या घरात मी पदर घेऊन शिरेन. तुला हे माहीत नव्हतं म्हणून तू बोलावलंस. माहीत असूनही बोलावलं असतंस, तर ती केवळ थकलेल्या आईची लाचारी असती. दोन्हीचा फायदा मला घ्यायचा नाही.

लुगडी परत कपाटात ठेवली आणि डॉक्टर अश्लेषांकडे गेले. या वेळी मत सांगायला नाही, विचारायला गेले. म्हटलं, मूल पट्टी ठेवत नसेल तर दुसरं काही असतं का? त्या म्हणाल्या, असतं. चांगल्या डोळ्यात टाकायचे थेंब असतात. त्यांनी त्या डोळ्याला जवळचं काही दिवस पुसट दिसतं आणि दुसऱ्याला आपोआप काम पडतं. बांधायचं काही नाही, काढायचं काही नाही. पेमाला चालतील का, ते तिला पुन्हा पाहून त्या ठरवतील. बहुतेक चालतील म्हणाल्या, आठवड्यातून एखाद-दोन दिवसच टाकावे लागतील. मी तुझ्या नावाने नंबर लावला आहे, येत्या शुक्रवारी सकाळी. प्रीतम गोठणगावला येऊन तुम्हाला घेईल. त्याला मी तसं सांगितलं तर तो स्वयंपाकघरात येऊन रडला. त्याला येऊ दे. त्याचा दोष माझ्याहून लहान आहे.

थेंबांचं सगळं त्या तुला नीट सांगतील. मी फक्त विचारलेलं लिहिते. उन्हात त्या डोळ्याला त्रास होईल, तेव्हा टोपी घाल. बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. अंग तापलं किंवा तोंड लाल झालं तर थेंब थांबवून आधी डॉक्टरांना फोन कर, आणि मी काही वेगळं सांगितलं तर माझं ऐकू नकोस.

हे तुझं तुला जमेल. तिला कडेवर घे, वर चिमणी दाखव, एक थेंब. त्याला आजी लागत नाही.

शुक्रवारी मी दवाखान्यात येणार नाही. घरीही राहणार नाही, इतवारीत देवरावच्या मुलीकडे जाईन. म्हणजे क्वार्टरवर जेवायला, विसावायला यावंसं वाटलं तर ये. भात, वरण करून झाकून ठेवीन. पेमाला माझं नाव सांगू नकोस, फोटोही दाखवू नकोस. एवढं लहान मूल काही महिन्यांत विसरतं असं म्हणतात. मी आजवर मुलींना लक्षात ठेवायलाच शिकवलं. हिला विसरू दे.

पुष्पलता